वादळाच्या यादीतलं गाव

नोकरीत काय करत होता असं कोणी विचारलं, की बालवाडी चालवत होते असं मी सांगते. ते खोटं नाही. पण एकोणीसशे साठच्या दशकातली माझी काही वर्षं अशा एका कामात गेली ज्याला हुद्दा नव्हता आणि कागदावर धड नावही नव्हतं. सुरूच्या उंच वाशाला बांधलेला लाल बावटा वर चढवायचा की नाही, एवढंच ते काम. संपादकांनी कळवलं, अनुभव लिहा, हलकाफुलका असला तरी चालेल. हलकाफुलका मला जमणार नाही. त्या कामातून माझ्याजवळ जे उरलं ते बहुतेक भयच आहे, तेव्हा तेच लिहिते.

मी मूळची सिन्नरची. लग्न होईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहू लागलं, तिथे माझे यजमान एका ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागले आणि आम्ही बोईसरला खोली घेतली. शेजारी सोलापूरचे, पलीकडे जळगावचे, नळावर हिंदी बोलणाऱ्या बाया. मी मॅट्रिक होते, बालवाडीचा लहानसा अभ्यासक्रम केलेला होता. पालघरच्या एका सेवा मंडळाला किनाऱ्यावरच्या वस्तीत जाऊन शिकवणारी बाई हवी होती. मंडळ म्हणजे आप्पा नावाचे निवृत्त हेडमास्तर, एक टाइपरायटर, एक सायकल आणि माझ्यासारख्या दोघीतिघी. आप्पांचं म्हणणं असं, की सरकारला काम करायला लावणं हेही एक कामच आहे आणि त्याला सगळ्यात जास्त चिकाटी लागते. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

वस्ती मुरब्याच्या जवळ, खाडीच्या तोंडाशी. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या घरातलं सांगणार आहे त्यांची नातवंडं तिथे राहतात, आणि मी त्यांना विचारलेलं नाही. सगळे मांगेले, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगणारे. होड्या बारा. सकाळी मी त्यांच्या पोरांना गाणी शिकवायची, दुपारी बायांना अक्षरं.

त्यांचा धंदा मला त्या बायांनीच समजावून दिला. डोल म्हणजे नरसाळ्यासारखी लांबलचक जाळी. समुद्राच्या तळात खुंट ठोकलेले असतात, त्यांना ती बांधायची. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपोआप आत शिरते. प्रत्येक घराचे खुंट ठरलेले. कुणाचे जवळ, कुणाचे इतके लांब की तिथून किनारा दिसत नाही. ज्याचे खुंट लांब तो ओहोटीला सगळ्यांच्या आधी बाहेर पडणार आणि सगळ्यांच्या नंतर परत येणार. हे एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं समजेल.

एका दुपारी मी फळ्यावर 'घ' काढून दाखवत होते. मागे बायांची कुजबुज चालू होती, ती एकदम थांबली. मी वळून पाहिलं तर सगळ्याजणी दाराकडे बघत होत्या. हिराबाय उठून उंबऱ्यात उभी राहिली होती. ती माझ्याच वयाची, वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी, चुकलं की स्वतःलाच हसणारी. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, वारा पडला.

मला वाटलं, पडला तर बरंच झालं. उकडत होतं, पण आभाळ स्वच्छ होतं. बाया मात्र एकेक करून उठल्या आणि पाट्या तिथेच ठेवून किनाऱ्यावर गेल्या. कोणी रडलं नाही, ओरडलं नाही. ओळीनं उभ्या राहून पाण्याकडे बघत राहिल्या. मीही त्यांच्यात जाऊन उभी राहिले. त्या कशाला भितात ते मला दिसत नव्हतं, आणि ते दिसत नाही याचीच मला भीती वाटायला लागली. तासाभरात समुद्राच्या कडेला एक काळी रेघ उठली आणि ती बघता बघता जाड होत गेली.

त्या दिवशी तीन होड्या बाहेर होत्या. एक संध्याकाळी कशीबशी खाडीत शिरली. दुसरी पार शिरगावच्या किनाऱ्याला लागली, माणसं जिवंत होती. तिसरी हिराबायच्या नवऱ्याची. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. ती होडी आली नाही. तिची एक फळीसुद्धा आली नाही.

दहाव्यानंतर आप्पा मला घेऊन बंदराच्या कचेरीत गेले. बंदर आमच्या वस्तीपासून बरंच दूर, खाडी ओलांडून पुढे चांगलं चालावं लागे. हवामानाची काही खबर आली होती का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिथला कारकून सज्जन माणूस होता. त्यानं नोंदवही काढून आमच्यासमोर ठेवली. वादळाची तार दोन दिवस आधी आली होती. आल्या आल्या बावटा चढवला होता. बंदरातली एकही होडी बाहेर गेली नव्हती. सगळं वेळेवर, सगळं नियमाप्रमाणे.

आप्पांनी विचारलं, मग आमच्या वस्तीला का कळवलं नाही.

तो म्हणाला, "यादीत तुमच्या वस्तीचं नाव नाही."

हवामान खात्याची तार कुणाकुणाला जायची त्याची एक यादी असे. बंदरं, जिल्ह्याचे अधिकारी, रेल्वे, अशी. तार त्या पत्त्यांवर जायची, त्याबाहेर नाही. कारकून खोटं बोलत नव्हता आणि त्याचा काही दोषही नव्हता. परत येताना मी वाटेत दोनदा थांबले. कोणीतरी हलगर्जीपणा केला असता तर मला राग आला असता आणि रागानं जरा बरं वाटलं असतं. पण कोणाचीच चूक नव्हती. दोन माणसं बुडाली होती आणि सगळ्यांचे कागद बरोबर होते. उद्या पुन्हा बुडतील तेव्हाही कागद बरोबरच असतील, हे मला त्या वाटेवर कळलं.

आप्पांनी अर्ज केला. उत्तर यायला सहा महिने लागले. वादळाची तार जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानंच पाठवता येते, सदर वस्तीत असा अधिकारी नाही, असं त्यात होतं. मी हिरमुसले. आप्पा खूश झाले. म्हणाले, नाही म्हटलेलं नाही, अडचण सांगितली आहे. अडचण सांगणारा माणूस निम्म्या वाटेवर आलेला असतो.

मग त्यांनी आम्हाला एक वही करायला सांगितली. वस्तीतल्या बाया मासळीच्या पाट्या घेऊन बंदराच्या बाजाराला जातच असत. जी जाईल तिनं कचेरीवर बावटा आहे की नाही ते बघून यायचं आणि परत आल्यावर हिराबायला सांगायचं. हिराबायनं ते वहीत लिहायचं, आणि त्याच वेळी आपल्या किती होड्या बाहेर आहेत तेही. हे काम तिनं मागून घेतलं. सुरुवातीला तिला अक्षरं येत नव्हती तेव्हा ती बावट्याचं चित्र काढायची आणि त्यापुढे होड्यांच्या रेघा. दिवाळीपर्यंत लिहायला लागली. नारळी पौर्णिमेपासून मेअखेरपर्यंत एकही दिवस चुकला नाही. त्या हंगामात सहा वेळा बंदरावर बावटा होता. सहाही वेळा ती खबर पोचेपर्यंत आमच्या होड्या पाण्यात गेलेल्या होत्या. वादळं आमच्या बाजूला आली नाहीत म्हणून माणसं वाचली, एवढंच. वही पुरी झाल्यावर मी ती एकदा सलग वाचली.  सहा वेळा मी त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर मुलांना गाणी शिकवत होते.

त्या पावसाळ्यात आम्ही ठाण्याला गेलो. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. आप्पा, मी आणि हिराबाय. ज्यांच्यासमोर बसलो ते साहेब तरुण होते, ऐकून घेणारे. त्यांनी वही पानापानानं बघितली. मग ते म्हणाले, तार पाठवता येईल, पण प्रश्न पुढचा आहे. तार नेहमी खरी ठरत नाही. वादळ वाटेत वळतं. तुम्ही बावटा लावाल, होड्या घरी बसतील आणि वादळ आलंच नाही तर लोकांचा दिवस गेला याचा जाब कोण देणार?

आप्पा काहीतरी मुद्देसूद सांगायच्या तयारीत होते. हिराबाय आधी बोलली.

"सायब, नाय आलं तर घरातले पुरुष आमाला शिव्या देतील. देऊ दे. शिव्या द्यायला ते घरात तर असतील."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. 

नारळी पौर्णिमेच्या आत आदेश निघाला. या किनाऱ्यावर जिथे सरकारी माणूस नाही तिथे नोंदलेल्या सेवाभावी संस्थेला किंवा मच्छीमारांच्या संस्थेला तार घेता येईल, मात्र संस्थेनं एका जबाबदार व्यक्तीचं नाव द्यावं. फक्त आमच्याच नव्हे, अशा सगळ्या गावांना तो लागू होता. सरकारी धोरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सचिवालय येतं. मी पाहिलेलं धोरण चाळीस पानी वहीतून निघालं, आणि तिच्या पहिल्या पानांवर बावट्यांची वाकडीतिकडी चित्रं होती. त्या दिवशी मंडळात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. मग आप्पा म्हणाले की जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव देतोय. तार इंग्रजीत येते, वस्तीत इंग्रजी वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, चांगलं झालं. मला ते चांगलं वाटत नव्हतं, पण का ते सांगता येईना.

कामाची रीत अशी. हंगामात मी बहुतेक दिवस बालवाडीतच मुक्कामाला असे. हवामान खात्याची तार जवळच्या तारघरात यायची. तिथून तारवाला सायकलवर पाम गावावरून वस्तीत यायचा. मी सही करून तार घ्यायची, वाचायची आणि बालवाडीच्या मागच्या वाशावर बावटा चढवायचा. बावटा दिसला की खाडीतल्या होड्या निघायच्या नाहीत, आणि खाडीच्या तोंडापर्यंत गेलेल्यांना तो दिसला तर त्या वळायच्या. त्यापुढे गेलेल्या होडीला काहीच दिसत नाही. तिथपर्यंतच आमचा उपयोग.

पहिली तार गणपतीनंतर आली. मी धावत जाऊन बावटा लावला. सबंध वस्ती दोन दिवस घरात बसली. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत. कोणी काही बोललं नाही. दुसरी तार दसऱ्याच्या सुमारास. पापलेटाचे दिवस. पुन्हा बावटा, पुन्हा तोच शांत समुद्र. या खेपेला शेजारच्या एका गावच्या होड्या गेल्या होत्या, ते गाव अजून यादीत आलेलं नव्हतं. त्या होड्या भरून परत आल्या. आमचे पुरुष किनाऱ्यावर उकिडवे बसून त्यांची मासळी उतरताना बघत राहिले.

पांडू तांडेल म्हणून वस्तीतले सगळ्यात जाणते होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्यांचे खुंट सगळ्यात लांब. ते माझ्याशी नेहमी आदरानं बोलत. त्या संध्याकाळी बालवाडीजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, दर्या कागद वाचीत नाय."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गाला निम्म्या बाया आल्या नाहीत. मासळीचा एखादा वाटा माझ्यासाठी राखून ठेवायची त्यांची सवय होती, तीही बंद झाली. एकटी हिराबाय येत राहिली, पण तिच्याशीही इतर बाया पाणवठ्यावर तुटक बोलतात असं कानावर आलं.

तेव्हापासून मला सायकलच्या घंटीची धास्ती बसली. बोईसरच्या खोलीत असताना गल्लीतून दूधवाल्याची सायकल गेली तरी मी उठून दाराशी जायची. तार आली आणि वादळ आलं नाही तर लोक माझ्यावरचा विश्वास टाकतील. तार आली आणि वादळ आलं तर कोणीतरी मरेल. तार नाही आली तर ती वाटेत कुठे अडली असेल का, या विचारानं मी पुन्हा पुन्हा वाटेकडे बघून यायची. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. एकदा मुलांना घरी सोडून आल्यावर मी समुद्राकडे बघत उभी होते आणि माझ्या मनात आलं की एकदा खरं वादळ येऊ दे. म्हणजे यांना कळेल. विचार आला तसा मी तो झटकला, पण तो मी केला होता.

तिसरी तार कार्तिकात आली. सकाळचे आठ वाजले होते. मुलं जमत होती. मी सही केली आणि उभ्या उभ्या तार वाचली. मागच्या दोन तारांपेक्षा तिचा शब्द मवाळ वाटला. संभव आहे, असं काहीसं. किनाऱ्यापासून बरंच दूर, असंही. बाहेर ऊन स्वच्छ पडलं होतं. खाडीत पांडू तांडेल आणि त्यांचा मुलगा लक्ष्मण होडीत दोर गुंडाळत होते. साडेदहाच्या सुमाराला ओहोटी लागणार होती.

बावट्याची दोरी माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी गेले नाही. मला त्या पुरुषांचे उकिडवे बसलेले चेहरे दिसत होते. मी ठरवलं की आधी बोईसरला जाऊन टेलिफोनवर बंदराच्या कचेरीत विचारायचं, खात्री करायची. ओहोटीच्या आत परत येता येईल असा हिशोब केला. तार घडी करून पिशवीत ठेवली. तेवढ्यात हिराबाय आली, तिला म्हटलं, मुलांना बघ, मला बोईसरला जरा काम आहे. काय काम ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी खोटं सांगितलं असतं.

पामपर्यंत चालत गेले, तिथून केंद्राच्या कामावरचा खडीचा ट्रक मिळाला. बोईसरच्या पोस्टात टेलिफोनला फार वेळ लागला. लाइन मिळेना. मी बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शेवटी तोच सज्जन कारकून बोलला. मी विचारलं, तारेत आहे त्यापेक्षा काही जास्त कळलंय का. तो म्हणाला, तारेत आहे तेवढंच आम्हाला माहीत. मग त्यानं विचारलं,

"बाई, तुमचा बावटा चढला ना?"

मी रिसीव्हर ठेवला. परतीची वाट मला आठवत नाही. पामच्या पुढे मी धावत होते आणि चप्पल कुठेतरी तुटली, एवढं आठवतं. वस्तीत पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. आभाळ अजून निळंच होतं, पण वारा पडला होता. बाया दारांत उभ्या होत्या. मी दोरी ओढली.

तीन होड्या गेलेल्या होत्या. दोन खाडीच्या तोंडाशी होत्या, त्यांना बावटा दिसला आणि त्या वळल्या. तिसरी पांडू तांडेलांची. त्यांचे खुंट लांब, ते सगळ्यांच्या आधी निघालेले. त्यांची होडी मला पाठमोरी दिसत होती, नखाएवढी. लक्ष्मणची बायको गंगू माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. गंगू हाक मारत नव्हती, हात हलवत नव्हती. एवढ्या लांब काही पोचणार नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. होडी दिसेनाशी झाली.

वादळ दुपारी चारला आलं. त्याचं वर्णन मी करत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पांडू तांडेलांना किनाऱ्यावरच्याच नवापूर गावच्या लोकांनी बैलगाडीतून आणलं. फळीला धरून ते तरंगत आले होते. लक्ष्मण त्यांच्या हातून सुटला होता.

मला कोणीही दोष दिला नाही. उलट दोन होड्या बावट्यामुळे वळल्या म्हणून त्या घरच्या बाया माझ्या पाया पडायला आल्या. मी पाय मागे घेतले, त्यांना तो माझा विनय वाटला. तार किती वाजता आली हे वस्तीत कुणालाही माहीत नव्हतं, ती मला बोईसरच्या वाटेवर मिळाली असं सगळ्यांनी धरलं होतं. तारवाल्याच्या वहीत माझी सही होती, तिच्यापुढे वेळ होती, आणि ती वही कोणी बघणार नव्हतं. अकरा दिवस मी तशीच राहिले. जेवण जात नव्हतं. यजमानांना वाटलं, समुद्राची भीती घेतली, म्हणाले आपण बदली मागू.

बाराव्या दिवशी मंडळात गेले तर आप्पा ठाण्याला पाठवायचा अहवाल टाइप करत होते. खुशीत होते. नवी पद्धत यशस्वी झाली, दोन होड्या वाचल्या, किनाऱ्यावरच्या आणखी गावांना यादीत घ्यावं, असा मजकूर होता. मला वाचून दाखवला. मी म्हटलं, आप्पा, तार आठ वाजता आली होती.

टाइपरायटर थांबला. मी सगळं सांगितलं. बोईसर, टेलिफोन, सगळं.  ते म्हणाले की हे लिहिलं नाही तर कुणाला कळणार नाही. लिहिलं तर कदाचित ठाण्याचे साहेब म्हणतील, संस्थांच्या हातात हे काम द्यायलाच नको होतं. आपलंच नव्हे, बाकी गावांचंही नाव जाईल. हे ते मला धमकावण्यासाठी बोलत नव्हते. त्यांनाही भीती वाटत होती, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी कागद यंत्रातून काढून फाडला. म्हणाले, आधी ज्या घरातला माणूस गेला त्या घरी सांगून या. मग मी टाइप करतो.

पांडू तांडेल ओटीवर बसले होते. गंगू आत जाळं सोडवत होती. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, बसायचा धीर झाला नाही. सांगून संपलं तेव्हा आतला जाळ्याचा आवाज थांबलेला होता. गंगू बाहेर आली.

"किती वाजता आलती तार?"

"आठला."

"आनी बावटा?"

"सव्वाअकराला."

तिनं बोटांवर मोजलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. पांडू तांडेल जमिनीकडे बघत म्हणाले, "कागदाला मीच नावं ठेवली व्हती." त्यांचा आवाज इतका बारीक होता की शब्द नीट ऐकू येण्याआधी मला अर्थ समजला. त्यांनी माझ्यावरचा भार उचलायला हात पुढे केला होता. तो त्यांना उचलू देणं बरोबर नव्हतं.

गंगू रडली नाही. मला माफ केलं असंही तिनं म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. ती म्हणाली, "दोन्ही टायम लिवा. सायबाला धाडा." मी हो म्हटलं आणि निघायला वळले, तेव्हा ती पुढे म्हणाली, "आनी बावट्याची दोरी मना द्या."

अहवाल गेला. आप्पांनी माझ्या नावानिशी सगळं लिहिलं होतं आणि खाली मी सही केली होती. दोन महिने आम्ही उत्तराची वाट पाहिली. रोज वाटायचं, आज यादीतून नाव कमी झाल्याचं पत्र येणार. आलं ते नवं परिपत्रक. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना उद्देशून होतं. नाव कुणाचंच कमी झालं नव्हतं, काही गावं वाढली होती. त्यात एक वाक्य नवीन होतं. तार मिळताच, घेणाऱ्यानं मजकुराचा स्वतः अंदाज न लावता, प्रथम बावटा चढवावा, आणि तार मिळाल्याची व बावटा चढवल्याची अशा दोन्ही वेळा नोंदवाव्यात.

परिपत्रकं कोण लिहितं असं लोक विचारतात. त्यातलं हे एक वाक्य कुठून आलं ते मला माहीत आहे.

पुढच्या हंगामात पहिली तार आली तेव्हा मी वर्गात होते. सायकलची घंटी ऐकून मी खडू खाली ठेवला. जबाबदार व्यक्ती म्हणून कागदावर अजून माझंच नाव होतं, पण सही करायचा अधिकार आम्ही गंगूच्या नावानं करून घेतला होता. तिनं दारातच तारवाल्याच्या वहीत आपलं नाव लिहिलं, अंगणातून सरळ वाशाकडे गेली आणि मग परत येऊन तार माझ्या हातात दिली. गंगूला इंग्रजी येत नव्हतं. मी तार उघडली तेव्हा बावटा वर पोचला होता.